जेपी म्हणजे नुसता किताब नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात जुन्या मुंबईवर एक छान लेख आला होता, त्यात नाना शंकरशेटांच्या नावापुढे जेपी लिहिलेलं होतं (जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस, न्याय आणि शहराचा कारभार बघायला सरकारनं नेमलेला बिनपगारी माणूस), आणि लगेच पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं की हे जेपी वगैरे सगळे सरकारचे होयबा, इंग्रजांनी श्रीमंत लोकांना खूश ठेवायला वाटलेली ही पदवी होती, तिचं कौतुक कशाला करायचं. ते पत्र वाचल्यापासून मला राहवत नव्हतं म्हणून हे लिहितोय. पत्र लांब झालंय ह्याची कल्पना आहे, कापायचं तर कापा, पण मधला म्युनिसिपल कमिशनर क्रॉफर्डचा भाग आणि शेवटची विनंती तेवढी ठेवा.

होयबा होते का, तर काही होते. पण जस्टिस ऑफ द पीस ह्या पदाचा मुंबईतला इतिहास म्हणजे आपल्या महापालिकेच्या जन्माचा इतिहास आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलोय. आज नगरसेवक, आयुक्त, घरपट्टी, स्थायी समिती असले शब्द आपण रोज पेपरात वाचतो, त्यातलं बरंचसं ह्या जेपी लोकांच्या कारभारातून आणि मुख्य म्हणजे त्यांच्या अपयशातून आलेलं आहे.

सुरुवातीला हे पद पूर्णपणे गोऱ्यांचं होतं. १७२६ च्या सनदेनं मुंबईत मेयर्स कोर्ट म्हणजे इंग्रजी कायद्यानं चालणारं न्यायालय आलं, त्याच सनदेनं गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलातले वरिष्ठ मेंबर हेच जस्टिस ऑफ द पीस ठरले. म्हणजे व्यापार करणारे तेच, राज्य करणारे तेच आणि वर्षातून चार वेळा बसून गुन्ह्यांचा निवाडा करणारेही तेच. इंग्लंडमध्ये ही पद्धत १३६१ च्या कायद्यापासून चालत आलेली, तिथे गावातला प्रतिष्ठित जमीनदार बिनपगारी हे काम करायचा, भांडणं मिटवायची, चोर पकडवायचा, रस्ते आणि पूल बघायचा, दारूच्या दुकानांना परवाना द्यायचा. न्याय आणि गावकारभार ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे, हे तिथलं वैशिष्ट्य, आणि तेच जसंच्या तसं मुंबईत आलं.

१७९३ चा पार्लमेंटचा कायदा फार महत्त्वाचा आहे, ह्या विषयावर बोलणारे बरेच जण तो गाळतात. त्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचे करारबद्ध नोकर आणि इतर ब्रिटिश रहिवासी ह्यांच्यातून जेपी नेमायची सोय झाली, आणि त्यांना फक्त कोर्टाचं काम नाही दिलं, तर शहराचे रस्ते झाडून घेणं, दुरुस्त करणं, रात्रीचा पहारा ठेवणं आणि त्याच्या खर्चासाठी घरांवर वार्षिक उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत कर बसवणं हे अधिकारही दिले. दारू विकायची तर ह्यांचं लायसन पाहिजे. म्हणजे आपण आज जी घरपट्टी भरतो तिचं मूळ तिथं आहे. कर सगळ्यांवर, गिरगावातल्या पाठारे प्रभूवर, भुलेश्वरच्या वाण्यावर, डोंगरीच्या कोकणी मुसलमानावर, पण तो किती बसवायचा आणि कुठं खर्च करायचा हे ठरवणाऱ्यांत ह्यातला एकही माणूस नाही!

हे किती अंगाशी येऊ शकतं ते १८३२ च्या जूनमध्ये दिसलं. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा पोलीस मॅजिस्ट्रेटचा हुकूम होता, शिपाई कुत्री मारत सुटले, पारशी समाजाच्या धर्मभावनेत कुत्र्याला मोठं स्थान आहे आणि नेमक्या त्यांच्या वस्तीत कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, हे झालं, तिथून दंगल पेटली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, लष्कराला जाणारी रसद अडवली गेली. शेवटी जमशेटजी जीजीभॉयसारख्या वजनदार लोकांना मध्ये पडावं लागलं. शहरातल्या लोकांना न विचारता शहराचे नियम केले की काय होतं ह्याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा नाही, आणि गंमत नाही पण योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला पार्लमेंटनं कायदा केला की हिंदुस्थानी माणूस, मग तो कुठल्याही धर्माचा असो, प्रेसिडेन्सी शहरात, म्हणजे मुंबई, कलकत्ता, मद्रास इथं, जस्टिस ऑफ द पीस होऊ शकतो आणि ग्रँड ज्युरीत, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांतही बसू शकतो. कंपनीचे डायरेक्टर ह्याच्या विरोधात होते, चार्ल्स ग्रँट कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा प्रेसिडेंट होता, त्यानं तो रेटून नेला.

ह्याच्या आधीचा १८२६ चा ज्युरी कायदा काय होता तेही सांगायला पाहिजे, नाहीतर १८३२ चं महत्त्व कळत नाही. त्या कायद्यात हिंदू आणि मुसलमान साध्या ज्युरीत बसू शकत होते पण आरोपी ख्रिश्चन असेल तर नाही, आणि ग्रँड ज्युरीत तर अजिबातच नाही. म्हणजे गोऱ्यानं आमचा निवाडा करायचा, आम्ही मात्र त्याचा करायचा नाही. राममोहन रॉय ह्यांच्यासारख्यांनी ह्याविरुद्ध आवाज उठवला होता. तेव्हा १८३२ ची तरतूद कुणी मेहेरबानी म्हणून ताटात वाढलेली नव्हती, लोकांनी ती मागितलेली होती, त्यासाठी अर्ज गेले होते.

मग १८३४ मध्ये मुंबईत पहिल्यांदा आपले लोक जेपी झाले. त्यात जमशेटजी जीजीभॉय, फ्रामजी कावसजी, ढाकजी दादाजी, जगन्नाथ शंकरशेट अशी नावं आहेत. नाना तेव्हा जेमतेम तिशीचे. आज आपण रेल्वे, एल्फिन्स्टन कॉलेज, बॉम्बे असोसिएशन ह्या संदर्भात नानांचं नाव घेतो आणि ते घेतलंच पाहिजे, पण ते सगळं नंतरचं, सरकारदरबारी हक्कानं उभं राहून बोलायची पहिली जागा त्यांना मिळाली ती ही. पुढे सोनापूरची स्मशानभूमी तिथून हलवायचं सरकारच्या मनात आलं तेव्हा नाना आडवे आले आणि ती हलू दिली नाही, हे गिरगावातल्या जुन्या लोकांना अजून माहीत आहे. अशा वेळी नुसता श्रीमंत सावकार असणं आणि शहराचा जेपी असणं ह्यात फरक पडतो. सावकार विनंती करतो, जेपीला उत्तर द्यावं लागतं.

ह्यातले बहुतेक जण शेठ सावकार होते, हे मात्र सरळ मान्य करायला हवं. व्यापारी, दलाल, जहाजमालक. ढाकजी दादाजींवर तर बडोदे दरबारातल्या व्यवहारांवरून बरंच काही लिहिलं गेलंय. कोळी, आगरी, भंडारी, हमाल, हलालखोर, म्हणजे ज्यांच्या अंगमेहनतीवर हे शहर चालायचं, त्यातलं कोणी तिथं नव्हतं. ज्या वाचकानं होयबा म्हणून लिहिलं त्यांचा राग इथं असेल तर तो मला समजतो.

१८४५ च्या कायद्यानं कॉन्झर्व्हन्सी बोर्ड, म्हणजे शहराची साफसफाई बघणारं मंडळ आलं, सात जणांचं. अध्यक्ष सीनियर मॅजिस्ट्रेट ऑफ पोलीस, दुसरे कलेक्टर, आणि उरलेले पाच जेपींमधून, त्यात तीन हिंदुस्थानी आणि दोन युरोपियन, आणि ते पाच जेपींनीच निवडायचे. मला वाटतं मुंबईत नगरकारभारासाठी मत देऊन माणूस निवडायचा प्रकार इथून सुरू होतो, मत देणारे अगदी मूठभर असले तरी. पण बोर्डाला अधिकार तुटपुंजे, पैसा तुटपुंजा, शहर मात्र फुगत चाललेलं, गटारं उघडी, पाण्याची बोंब. १८५८ मध्ये ते मोडून तीन पगारी कमिशनर आणले, तेही जमलं नाही, तिघांत एकवाक्यता होईना आणि जबाबदारी नक्की कुणाची तेच कळेना.

आणि मग येतं १८६५. मुंबईच्या इतिहासातलं इतकं नाट्यमय साल फार थोडं असेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव आभाळाला भिडला होता, शहरात पैशाचा पूर आलेला, बँका आणि कंपन्या भराभर निघालेल्या, कोटाच्या भिंती पाडून झालेल्या, आणि युद्ध संपल्यावर त्याच वर्षी सगळं धडाधड कोसळलं, कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. नाना शंकरशेटही त्याच वर्षी जुलैअखेर गेले. अशा वर्षात नवा म्युनिसिपल कायदा अमलात आला, त्यानं मुंबईच्या सगळ्या जेपींची मिळून एक कायदेशीर संस्था केली, बेंच ऑफ जस्टिसेस, हीच मुंबईची म्युनिसिपालिटी. आणि कारभार करायला सरकारनं नेमलेला एक म्युनिसिपल कमिशनर. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्डबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं असतात. एक बाजू म्हणते त्यानं मुंबई घडवली आणि ह्यात तथ्य आहे. त्यानं रस्ते रुंद केले, घाण उपसली, डबकी बुजवली, मटण आणि भाजीचे गलिच्छ बाजार हटवून ते मोठं मार्केट उभं केलं जे आज महात्मा फुले मंडई आहे पण लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. आरोग्य अधिकारी डॉ. हेवलेट ह्यांच्याबरोबर त्यानं शहराच्या साफसफाईचं जे काम केलं त्यानं माणसं जगली हे नाकारता येत नाही. दुसरी बाजू म्हणते त्यानं पैसा पाण्यासारखा उधळला आणि तेही खरं आहे. मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च, कर्जावर कर्ज, आणि मंदीत बुडालेल्या शहराच्या घरमालकांवर करांचा बोजा. पुढे १८८८ मध्ये हाच क्रॉफर्ड पुण्याकडे रेव्हेन्यू कमिशनर असताना मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात सापडला, तेव्हा टिळकांनी मामलेदारांची बाजू लावून धरली होती, ते क्रॉफर्ड प्रकरण मराठी वाचकाला माहीत असतं, पण हा तोच मुंबईचा क्रॉफर्ड हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पण माझा मुद्दा क्रॉफर्ड नाहीये. माझा मुद्दा असा की तो हे सगळं करत होता तेव्हा बेंच काय करत होती? कायद्यानं बजेट मंजूर करायचं काम बेंचचं होतं. टाऊन हॉलमध्ये बैठका व्हायच्या. आणि कित्येक वर्षं बेंचनं जवळजवळ काहीच केलं नाही. कारण सोपं आहे, जेपी हा सरकारनं नेमलेला, तहहयात, त्याला कुणी निवडून दिलेलं नाही, तेव्हा त्याला जाब विचारणारा कुणी नाही. बैठकीला आला तर आला, नाही आला तर नाही आला. त्यात सरकारी नोकरीतले युरोपियन जेपी भरपूर, ते सरकारच्याच कमिशनरच्या विरोधात कशाला जातील. जे थोडे लोक बोलत होते, म्हणजे नवरोजी फर्दुनजी किंवा आपले विश्वनाथ नारायण मंडलिक, ते जीव तोडून बोलत होते, हिशोब मागत होते, पण नियमच असा की सगळी कार्यकारी सत्ता एकट्या कमिशनरकडे. बोलणाऱ्यांची किंमत इतकीच की सत्य नोंदीत राहिलं.

१८७१ मध्ये मात्र स्फोट झाला. करदाते खवळले, सभा झाल्या, जुलैमध्ये बेंचमध्येच जेम्स फोर्ब्सनं क्रॉफर्डच्या कारभाराविरुद्ध ठराव आणला आणि वादळी चर्चा झाली. लोकांची मागणी होती कमिशनर काढा, त्याचे अधिकार काढून एका कमिटीकडे द्या. आणि ह्या गदारोळात एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला, फिरोजशहा मेहता. २९ नोव्हेंबर १८७१ ला धोबीतलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं निबंध वाचला, समोर बसलेले लोक सगळे विरुद्ध मताचे, आणि हा म्हणतोय की चूक कमिशनर एकटा असण्यात नाही, एकच जबाबदार अधिकारी असणं बरोबरच आहे, खरी चूक बेंचमध्ये आहे, नेमलेले जेपी काढा आणि त्यांच्या जागी करदात्यांनी निवडून दिलेले लोक आणा, मग बघा कमिशनर कसा ताळ्यावर राहतो. त्या दिवशी लोकांना ते पटलं नाही. पण इतक्या लहान वयात, संतापलेल्या सभेपुढे, लोकांना आवडणारं सोडून बरोबर असलेलं बोलणं ह्याला किती छाती लागत असेल! महापालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहांचा पुतळा आहे, त्याच्यापुढून रोज लाखो लोक सीएसएमटीला जातात, त्यातल्या किती जणांना ह्या एका संध्याकाळबद्दल माहीत असेल?

१८७२ चा कायदा हा ह्या भांडणाचा निकाल. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन, त्यातले बत्तीस करदात्यांनी निवडलेले, सोळा जेपींनी आपल्यातून निवडलेले, सोळा सरकारनं नेमलेले, आणि पैशावर लक्ष ठेवायला बारा जणांची टाऊन कौन्सिल. नव्या कॉर्पोरेशनची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ ला भरली. म्हणजे बेंच गेली पण जेपी गेले नाहीत, चौथाई जागा त्यांच्याकडे राहिल्याच. १८८८ च्या कायद्यात सभासद बहात्तर झाले, जेपींच्या सोळा तशाच. मतदानाचा हक्क तर फक्त ठरावीक रकमेपेक्षा जास्त कर भरणाऱ्यांना, म्हणजे चाळीत भाड्यानं राहणारा गिरणी कामगार ह्या सगळ्याच्या बाहेरच. जेपींच्या राखीव जागा गेल्या त्या १९२२ च्या कायद्यानं, तेव्हाच भाडेकरूंना मत मिळालं, आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळायला १९४८ उजाडावं लागलं. नेमणुकीकडून निवडणुकीकडे यायला मुंबईला १८३४ पासून धरलं तर शंभरावर वर्षं लागली आहेत, हे सगळं आपोआप झालं असं समजू नये.

आता त्या पत्रलेखकांना एक नाव सांगतो, नारायण मेघाजी लोखंडे. फुल्यांचे सहकारी, दीनबंधू हे वृत्तपत्र चालवणारे, गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० पासून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. हे जेपी होते. रावबहादूरही होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू मुसलमानांची मोठी दंगल झाली तेव्हा कामगार वस्त्यांत शांतता राखायला हा माणूस फिरला, सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. आणि १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता प्लेगनंच गेले. लोखंड्यांना कोणी होयबा म्हणेल का? शेठ सावकारांपुरतं असलेलं पद साठ वर्षांत गिरणीत नोकरी केलेल्या, कामगारांसाठी भांडणाऱ्या एका माळी समाजातल्या माणसापर्यंत पोचलं, ह्यात त्या पदाचं मोठेपण कमी आणि लोखंड्यांचं जास्त आहे, पण इतिहास लिहिताना हे सांगायचं का नाही?

न्यायदानाची बाजू मी थोडक्यात आटोपतो. पोलीस मॅजिस्ट्रेटबरोबर जेपी लोक किरकोळ गुन्ह्यांच्या कोर्टात बसत, पुढे मानद मॅजिस्ट्रेट आले, त्यांच्या बेंचेस छोटे छोटे खटले निकाली काढायच्या, बिनपगारी. गोऱ्या आरोपीचा प्रश्न मात्र चिघळत राहिला. मुंबई, कलकत्त्यासारख्या शहरात हिंदुस्थानी मॅजिस्ट्रेट गोऱ्याचा खटला चालवू शकत होता पण तोच माणूस बढती होऊन जिल्ह्यात गेला की नाही, कारण तिथं त्या कामाला जस्टिस ऑफ द पीस पाहिजे आणि तो युरोपियनच पाहिजे. १८८३ चं इल्बर्ट बिल हेच बदलायला आलं होतं आणि त्यावरून गोऱ्या लोकांनी देशभर काय थयथयाट केला ते शाळेच्या पुस्तकात असतं, पण त्यातला जेपीचा धागा तिथं कधी सांगत नाहीत. आणि इकडे मुंबईबाहेर, पुण्यात, सार्वजनिक काकांनी (गणेश वासुदेव जोशी) १८७० च्या दशकात लवाद कोर्ट काढलं, सरकारची सनद न घेता, लोकांनी लोकांची भांडणं मिटवायची म्हणून. ते मला ह्या सगळ्याहून मोलाचं वाटतं, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन.

स्वातंत्र्यानंतर हे पद हळूहळू विरलं. १९७३ ची फौजदारी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, त्यात मानद मॅजिस्ट्रेट गेले आणि विशेष कार्यकारी दंडाधिकारी आले, आपल्या राज्यात मग विशेष कार्यकारी अधिकारी म्हणजे एसईओ. झेरॉक्सवर ट्रू कॉपीचा शिक्का मारून घ्यायला कॉलेजच्या अॅडमिशनच्या दिवसांत ह्यांच्या दारात पोरांची रांग लागायची, ते वाचकांपैकी बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल, स्वसाक्षांकन सुरू झाल्यावर तीही गर्दी कमी झाली. ज्यांच्या हातात एकेकाळी अख्ख्या मुंबईचं बजेट होतं त्या पदाचा वारसा शिक्क्यावर येऊन थांबला. एसईओ म्हणून मनापासून काम करणारे लोक आहेत, त्यांना कमी लेखायचं नाही, पण आपण कुठल्या परंपरेत बसलोय हे त्यांनाही कुणी सांगत नाही.

हा इतिहास आज का काढायचा असं कुणी विचारेल. मुंबई महापालिका आजही १८८८ च्याच कायद्यावर चालते, दुरुस्त्या झाल्या पण कायदा तोच. आयुक्त आजही राज्य सरकारच नेमतं आणि कार्यकारी अधिकार आजही त्याच्याचकडे, म्हणजे १८६५ ची चौकट अजून शाबूत आहे, फरक इतकाच की समोर नेमलेल्या जेपींऐवजी लोकांनी निवडलेले २२७ नगरसेवक बसतात. आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढे काही वर्षं ती खुर्चीही रिकामी होती, आयुक्त हाच प्रशासक, बजेट मांडणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. १८६५ मध्ये निदान टाऊन हॉलमध्ये नवरोजी आणि मंडलिक उठून प्रश्न तरी विचारत होते. ह्या काळात नेमकं कुणी काय वाईट केलं असा माझा आरोप नाही, अधिकारी कर्तबगार असतीलही, क्रॉफर्डही कर्तबगारच होता. पण शहराचा पैसा शहराच्या प्रतिनिधीला न विचारता खर्च होतो ह्यावर १८७१ साली सभा घेणारं हे शहर, ते आता इतकं शांत कसं राहिलं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि मला वाटतं त्याचं एक कारण हे आहे की आपल्याला आपलीच गोष्ट माहीत नाही. नेमलेला माणूस कितीही चांगला असो, त्याला जाब विचारायची सोय पाहिजे, हे फिरोजशहांनी सांगितलं तेव्हा ते जेपींच्या पंचवीस तीस वर्षांच्या कारभाराकडे बघून सांगितलं होतं, हवेत नाही.

म्हणून जेपींना देव्हाऱ्यात बसवू नका आणि केराच्या टोपलीतही टाकू नका एवढंच मला त्या पत्रलेखकांना सांगायचं आहे. ढाकजी, फ्रामजी, नाना, मंडलिक, लोखंडे हे एकाच मापात बसणारे लोक नाहीत, प्रत्येकानं त्या पदाचं काय केलं ते वेगवेगळं बघावं लागेल.

आता विनंती. एक तर तुमच्या पेपरानं ह्यावर रविवारच्या पुरवणीत मालिका करावी, जाणकारांकडून लिहून घ्यावी, आणि त्यात मार्केट, टाऊन हॉल, धोबीतलावचा फ्रामजी हॉल ह्या जागांचे फोटो टाकून कुठं काय झालं ते सांगावं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथं त्या काळच्या सरकारी कागदांचा खजिना आहे, तुमच्या तरुण पत्रकारांनी तिथं चार दिवस बसावं. महापालिकेला विनंती अशी की बेंच ऑफ जस्टिसेसच्या काळातली आणि पहिल्या कॉर्पोरेशनची जी कामकाजाची नोंद, जी छापील बजेटं जपलेली असतील ती स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करावीत आणि मराठीत त्यांचं सार द्यावं, नव्या नगरसेवकांच्या प्रशिक्षणात १८६५ ते १८७२ ह्या सात वर्षांवर एक तास तरी ठेवावा. आणि वाचकांना विनंती, गिरगाव, ठाकुरद्वार, दादर, माहीम, भायखळा इथल्या जुन्या घरांत पणजोबांच्या नावाची जेपीची नेमणूक, मानद मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाची वही, बैठकीची निमंत्रणं असं काही ट्रंकेत पडलेलं असेल तर रद्दीत घालू नका. घर रिडेव्हलपमेंटला जाताना पहिल्यांदा हेच कागद जातात. फोटो काढून पेपरकडे पाठवा, मूळ कागद स्वतःजवळ ठेवा किंवा पुराभिलेखागाराला विचारून तिथे द्या. संपादकांनी त्यासाठी एक ईमेल आयडी ह्याच सदराखाली छापला तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक,
गिरगाव, मुंबई